सेप्टिक टँकचा उपसा वेळेवर करा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या कापडाच्या गावांत घर आणि कारखाना पुष्कळदा एकाच छपराखाली असतो. खाली माग, वर बिऱ्हाड आणि दोन्हींच्या संडासाची टाकी एकच. मागाला तेल घालायला आपण विसरत नाही. टाकीची आठवण मात्र ती तुंबल्यावर होते. तोवर कामही बंद पडते आणि खर्चही वाढतो.

टाकीचे काम साधे आहे. मैला आत आला की जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग सायीसारखा वर तरंगतो आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. हवेशिवाय जगणारे जंतू गाळ कुजवून कमी करतात. पण तो पूर्ण संपत नाही. गाळ साचत गेला की पाण्याबरोबर तोच बाहेर पडतो आणि शोषखड्डा बुजतो. मग नवा खड्डा खणावा लागतो.

म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उपसा करावा. माणसे जास्त असतील तर त्याआधीच. गाळ किती झाला ते पाहायचे असल्यास लांब बांबूच्या टोकाला पांढरे जुने कापड गुंडाळून तळापर्यंत सोडावे आणि काही मिनिटांनी काढावे. काळा डाग पाण्याच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत आला असेल तर गाडी बोलवावी. झाकण उघडताना विडी-काडी पेटवू नये, आत वाकू नये. उपसा पावसाळ्याआधी उरकलेला बरा.

आम्ही धंदेवाल्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. रंगाचे उरलेले पाणी, कॉस्टिक सोडा, ब्लीचिंग पावडर टाकीत जाऊ देऊ नये. त्याने जंतू मरतात आणि गाळ लवकर साचतो. चिंध्या व सुताचे तुकडे कुजत नाहीत, पाइपात अडकतात. स्वयंपाकाचे तेलही टाकीत नको. बाजारातल्या पावडरींनी उपसा टळत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चार पैसे वाचवण्यासाठी टाकीत माणूस उतरवू नका. गाळ ढवळला की विषारी वायू सुटतो आणि काही क्षणांत माणूस बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही बहुधा परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने असे धोक्याचे काम करून घेणे गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. उपसा पंपाच्या गाडीनेच करावा आणि मैला नाल्यात न सोडता प्रक्रिया केंद्रावर जातो ना, हेही विचारून घ्यावे.

उपशाची तारीख हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावी. पुढची तारीखही तिथेच लिहावी, म्हणजे आपण नसलो तरी घरच्यांना कळेल.