कंबरदुखीचा इलाज रुग्णाच्याच हाती

शिलाई यंत्रावर, जरीकामाच्या अड्ड्यावर किंवा दुकानाच्या गादीवर दिवसभर पुढे वाकून बसणाऱ्याची कंबर धरली की रोजी बुडते. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी (१९३१-२०१३) यांची उपचारपद्धती अशांनी समजून घेण्यासारखी आहे.

मॅकेंझी यांचा व्यवसाय वेलिंग्टन शहरात होता. १९५६ साली त्यांचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला. पाठ अशी मागे वाकवणे तेव्हा धोक्याचे मानले जाई. पाचेक मिनिटांनी मॅकेंझी येऊन पाहतात तो पायातली कळ गेलेली! दुसरा कोणी योगायोग म्हणून सोडून देता. मॅकेंझींनी मात्र इतर रुग्णांच्या हालचाली तपासल्या आणि एक खूण शोधली. एखाद्या हालचालीने पायातली कळ वर सरकून कमरेत आली तर ती हालचाल योग्य. कळ खाली पसरली तर ताबडतोब थांबावे. मागे वाकणे सर्वांनाच मानवते असे नाही, म्हणून पहिली तपासणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. पुढचा व्यायाम रुग्णाने घरी किंवा कारखान्यात दिवसातून अनेकदा स्वतः करायचा असतो. त्यामुळे रोजच्या फेऱ्या वाचतात. १९८० साली त्यांनी सामान्य रुग्णांसाठी पुस्तकही काढले.

मात्र पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे दिसली तर व्यायाम करीत बसू नये, तडक इस्पितळ गाठावे.