गणिताशी छत्तीसचा आकडा

वेस्ट इंडीज नावाचा देश नाही, हे क्रिकेटमुळे आपल्याला शाळकरी वयातच कळतं. १९७१मध्ये सुनील गावस्करांनी पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा केल्या, त्या त्रिनिदाद, गयाना आणि बार्बाडोस अशा तीन स्वतंत्र देशांत. या देशांचं दहावी-बारावीचं बोर्डही सामाईक आहे, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. कॅरिबियन एक्झॅमिनेशन्स काउन्सिल, तिथल्या सगळ्यांच्या तोंडी नुसतं ‘सीएक्ससी’. १९७२च्या कराराने स्थापन झालेल्या या बोर्डाचं मुख्यालय बार्बाडोसमध्ये आहे आणि इंग्रजी बोलणारे सोळा देश-प्रदेश त्याचे सदस्य आहेत. त्याआधी इथल्या मुलांचे पेपर केंब्रिज आणि लंडनची परीक्षा मंडळं काढत. १९७९मध्ये सीएक्ससीने पहिली परीक्षा घेतली, तेव्हा विषय पाचच होते. त्यांत एक कॅरिबियनचा इतिहास आणि एक अर्थातच गणित.

मे-जूनमध्ये परीक्षा होते, ऑगस्टमध्ये निकाल लागतो आणि दर ऑगस्टला वर्तमानपत्रांत गणितावरून तेच रडगाणं सुरू होतं. सहा श्रेणींपैकी वरच्या तीन मिळाल्या तर विद्यार्थी उत्तीर्ण धरला जातो. असे विद्यार्थी २०२२मध्ये ३७ टक्के होते, २०२३मध्ये ४३ आणि २०२४मध्ये ३६. (२०२३मध्ये गणिताचा दुसरा पेपर जमैकात फुटला आणि बोर्डाला तो वगळून श्रेणी द्याव्या लागल्या, तेव्हा त्या वर्षीच्या उडीवर फार विसंबू नये.) शिवाय ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची. जे इथवर पोचलेच नाहीत, ते या हिशेबात धरलेले नाहीत.

पेपर फार अवघड असतो का? तसं म्हणवत नाही. सूत्रांची यादी प्रश्नपत्रिकेतच छापलेली असते, कॅल्क्युलेटर चालतो, प्रकल्पाला वीस टक्के गुण आहेत. अभ्यासक्रमात संच, बीजगणित, भूमिती, सदिश आहेत, तसाच ‘ग्राहकाचं अंकगणित’ नावाचा एक अस्सल व्यवहारी भागही आहे. त्यातल्या प्रश्नांचा नमुना मीच बनवून देतो. गॅसच्या शेगडीची रोख किंमत १,६२० पूर्व कॅरिबियन डॉलर. हप्त्याने घेतली तर २० टक्के आधी भरायचे आणि मग ८५ डॉलरचे १८ हप्ते. हप्त्याने घेणाऱ्याला किती जास्त पडले? आधी भरायचे ३२४, हप्त्यांचे १,५३०, मिळून १,८५४. म्हणजे २३४ डॉलर जास्त. पुढे विचारतील, हा फरक अमेरिकी डॉलरमध्ये किती? १९७६पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर हा दर बांधलेला आहे, त्यामुळे भागाकार तेवढा करायचा. पण गुणायचं की भागायचं इथेच मुलं अडतात, आणि त्याची मुळं पाचवी-सहावीत असतात.

पाचवी-सहावीत काय चालतं ते पाहायचं तर त्रिनिदादला जावं लागेल. इंग्रजांच्या काळात तिथून दरवर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं ‘आयलंड स्कॉलरशिप’वर विलायतेला जात. ती मिळालेला मुलगा म्हणजे घराण्याचं सोनं. पुढे पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स त्यातलेच. १९३८मध्ये ती शिष्यवृत्ती रुद्रनाथ कपिलदेव यांना मिळाली. ऊसमळ्यांवर गिरमिटिया म्हणून आलेल्या भारतीयांच्या वंशातला हा मुलगा लंडनला गेला, गणिती भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला आणि मायदेशी विरोधी पक्षनेताही झाला. १९६३नंतर काही काळ गृहस्थ लंडनमध्ये तास घेत आणि सुट्टीत येऊन पोर्ट ऑफ स्पेनमध्ये विरोधी पक्ष चालवत. व्ही. एस. नायपॉल यांचे हे सख्खे मामा. भाचाही शिष्यवृत्तीवरच ऑक्सफर्डला गेला. नायपॉल यांच्या ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’मध्ये आनंदची शिष्यवृत्तीची तयारी आहे, त्यात मेंदूला खुराक म्हणून दूध आणि सुके आलुबुखार येतात. बदाम भिजत घालणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

हजारातून एक हिरा शोधायचा, बाकीच्यांनी मळ्यावर जावं, ही त्या व्यवस्थेची नीट विचार करून केलेली रचना होती. स्वातंत्र्य आलं, शाळा वाढल्या, माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी झालं; निवडीची सवय मात्र सुटली नाही. त्रिनिदादमध्ये अकराव्या-बाराव्या वर्षी ‘एसईए’ नावाची परीक्षा द्यावी लागते आणि त्यावर कोणती शाळा मिळणार ते ठरतं. १९६०च्या एका करारान्वये चर्च व इतर धार्मिक संस्थांच्या शाळांना वीस टक्के जागा स्वतःच्या मर्जीने भरता येतात. नामांकित शाळा बहुतेक याच. साहजिकच शिकवण्या जोरात चालतात. आधीच पुढे असलेली मुलं एका शाळेत आणि अपूर्णांकात अडलेली सगळी दुसऱ्या शाळेत, अशी वाटणी झाल्यावर त्या दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाने पाच वर्षांत सीएक्ससीच्या त्याच पेपरला मुलं बसवायची. माझ्या मते ३६ टक्क्यांचं अर्धंअधिक उत्तर इथे आहे.

जमैकाने २०२२मध्ये पहिल्यांदा ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत भाग घेतला. पंधरा वर्षांच्या मुलांना गणितात सरासरी ३७७ गुण. श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटाची सरासरी ४७२. (नमुना निकषांत पुरता बसत नाही म्हणून जमैकाच्या नावापुढे तारा आहे, पण तो काढला तरी चित्र फार पालटेल असं वाटत नाही.) या चाचणीत ‘पातळी दोन’ म्हणजे किमान गरज. दोन रस्त्यांपैकी लांबचा कोणता, एका चलनातली किंमत दुसऱ्यात किती, एवढं जमलं की झालं. जमैकात तिथवर २६ टक्के मुलं पोचली. मुली मुलांच्या पुढे होत्या, हे इतर अनेक देशांच्या उलट. जमैकन शिक्षणतज्ज्ञ एरॉल मिलर मुलग्यांच्या या पिछाडीवर १९८०च्या दशकापासून लिहीत आले आहेत.

भाषेचा मुद्दा टाळता येत नाही. जमैकातलं मूल घरी पात्वा बोलतं आणि शब्दांत मांडलेलं उदाहरण सोडवतं इंग्रजीत. हैतीत तर जवळपास प्रत्येक जण क्रेयोल बोलतो, फ्रेंच मोजक्यांनाच नीट येते, तरी शाळा दीर्घकाळ फ्रेंचच राहिली. १९८२च्या सुधारणेने क्रेयोल वर्गात आणली, पण फ्रेंचचा मान गेला नाही. भाषाशास्त्रज्ञ मिशेल देग्राफ स्वतः हैतीचे. २०१०च्या भूकंपानंतर त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमधून गणित-विज्ञानाची साधनं क्रेयोलमध्ये करायला घेतली. आईच्या भाषेत आलेखाबद्दल प्रश्न विचारता येऊ लागला की मूल पाठांतर सोडून वाद घालू लागतं, हा त्यामागचा साधा विश्वास.

क्युबाची गोष्ट मात्र निराळी. १९९७मध्ये युनेस्कोने लॅटिन अमेरिकेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांची चाचणी घेतली, तेव्हा क्युबाची मुलं इतकी पुढे निघाली की तपासनीसांनी शंका येऊन पुन्हा चाचणी घेतली. निकाल तोच आला. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मार्टिन कार्नॉय यांनी तिथल्या गणिताच्या तासांचं चित्रीकरण करून ब्राझील आणि चिलीच्या तासांशी ताडून पाहिलं. त्यांना आढळलं ते असं की, प्राथमिकचा शिक्षक तीच मुलं वर्षानुवर्षं शिकवतो, वरिष्ठ त्याच्या वर्गात येऊन बसतात आणि चुका दाखवतात, मुलं उपाशी नसतात. हे सगळं हुकूमशाही चौकटीत घडलं, हेही कार्नॉय लपवत नाहीत. शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकला २०२२च्या पिसात ३३९ गुण मिळाले, पातळी दोनवर ८ टक्के मुलं. तिथेही समुद्र तोच, भाषाही क्युबाचीच स्पॅनिश.

म्हणून सारं शेवटी शिक्षकावर येऊन ठेपतं आणि तिथेच गळती आहे. २००१च्या सुमारास न्यूयॉर्कच्या शाळांनी जमैका आणि बार्बाडोसमधून शेकड्यांनी शिक्षक नेले. ब्रिटनही नेत होतंच. छोट्या देशांनी आवाज उठवला आणि २००४मध्ये राष्ट्रकुलाने शिक्षकभरतीची आचारसंहिता केली, पण ती ऐच्छिक आहे. गणिताचा पदवीधर बँकेत, विमा कंपनीत किंवा मायामीत जातो. प्राथमिक शाळेत येणाऱ्या अनेकांनी सीएक्ससीचं गणित जेमतेम तिसऱ्या श्रेणीत सोडवलेलं असतं, आणि अपूर्णांकांचा भागाकार शिकवताना ‘खालचा वर करा आणि गुणा’ याच्या पलीकडे ते जात नाहीत. तसं का करायचं, हे त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं.