नौदलाची खरेदी आणि संसदेची नजर

यवतमाळ जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही पाणबुड्यांवर किती पैसा खर्च व्हावा, या निर्णयात येथील मतदारांचा वाटा असतो. यवतमाळ-वाशीम, चंद्रपूर व हिंगोली या तीन लोकसभा मतदारसंघांत हा जिल्हा विभागला गेला आहे आणि संरक्षण खात्याच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेच्याच मंजुरीने संमत होतात. मात्र, त्या पैशातून सामग्री वेळेवर मिळाली का, हे संसद कशी तपासते?

मुंबईच्या माझगाव डॉकचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ३० वर्षांत २४ पाणबुड्या बांधण्याचा आराखडा केंद्राने १९९९ मध्ये मंजूर केला. त्यानुसार ऑक्टोबर २००५ मध्ये फ्रेंच बनावटीच्या सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार झाला. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये अपेक्षित होती; प्रत्यक्षात 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. सहावी 'वागशीर' दाखल होण्यास १५ जानेवारी २०२५ उजाडला. या पाणबुड्यांसाठी निवडलेल्या नव्या टॉर्पेडोंची खरेदीही २०१६ मध्ये गुंडाळण्यात आली. पाणबुडी आली, पण तिचे मुख्य अस्त्र जुनेच राहिले.

दरम्यान, १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक'वर स्फोट होऊन १८ नौसैनिक मृत्युमुखी पडले. तोकडा ताफा आणखी घटला. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी 'सिंधुरत्न'वर लागलेल्या आगीत दोन अधिकाऱ्यांचा बळी गेला आणि नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

अशा त्रुटींवर बोट ठेवण्याची संसदेकडे प्रामुख्याने दोन साधने आहेत. पहिले, संरक्षणविषयक स्थायी समिती. लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सदस्य असलेली ही समिती मागण्यांची छाननी करते, अधिकाऱ्यांना पाचारण करते. दुसरे, लोकलेखा समिती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल ती तपासते. तिचे अध्यक्षपद संकेतानुसार विरोधी पक्षाकडे असते.

तथापि, दोन्हींना मर्यादा आहेत. स्थायी समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, तर लेखापरीक्षण बहुधा पैसा खर्च झाल्यावर होते. सभागृहातही सविस्तर चर्चा होतेच असे नाही. मार्च २०१८ मध्ये तर सर्व खात्यांच्या मागण्या लोकसभेने चर्चेविना, 'गिलोटिन' पद्धतीने संमत केल्या.

मग हाती उरतो तो पाठपुरावा. समितीच्या प्रत्येक शिफारशीवर काय कार्यवाही केली, याचे उत्तर सरकारला द्यावे लागते आणि ते समाधानकारक नसल्यास समिती तसा शेरा मारू शकते. हे कृती अहवाल वाचून सभागृहात प्रश्न विचारण्याचा अधिकार किनारपट्टीच्या खासदारांइतकाच विदर्भातील खासदारांनाही आहे. तो वापरला गेला नाही, तर विलंबाची किंमत खोल पाण्यात उतरणाऱ्या नौसैनिकांना मोजावी लागते.