आजाऱ्याची खोली व कृपाबाईंच्या कादंबऱ्या

व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील इंग्रज लेखिकांच्या कादंबऱ्यांत आजाऱ्याची खोली वारंवार येते. शार्लट ब्राँटीच्या ‘शर्ली’ (१८४९) ह्या कादंबरींत चुलत्याच्या घरीं निरुद्योग बसलेली कॅरोलाइन खंगत जाते. शुश्रूषा करणारी बाई हीच आपली आई, हें तिला अंथरुणावरच कळतें. दिवाणखान्यांत जें बोलतां येत नाहीं, तें ह्या खोलींत बोललें जातें.

ह्याच काळांतील आपल्याकडील उदाहरण कृपाबाई सत्थियानाधन यांचें. त्यांचा जन्म १८६२ सालीं अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथें मराठी ख्रिस्ती कुटुंबांत झाला. १८७८ सालीं त्या मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या. परंतु प्रकृति ढासळल्यामुळें तें शिक्षण सुटलें. वैद्य होऊं इच्छिणारी स्त्री स्वतःच रोगी होऊन घरीं परतली, आणि त्या घरांतूनच लेखिका झाली. ‘सगुणा’ ही बव्हंशीं स्वानुभवाची इंग्रजी कादंबरी १८८७-८८ मध्यें मद्रासच्या एका मासिकांत क्रमशः आली. बालवधूच्या सासुरवासाची ‘कमळा’ त्यांनीं आजारपणांतच लिहिली. १८९४ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्या निवर्तल्या.

सनदा व बखरी घराच्या ओसरीपर्यंतच पोंचतात. माजघरांतील दुखण्याचा इतिहास अशा ग्रंथांतच सांपडतो. म्हणून सिरोंच्याकडील जुन्या घरांतून पोथ्या जमविणारांस आमची विनंति आहे कीं, बाळंतकाढ्यांच्या याद्या व बायकांचीं पत्रें निरुपयोगी समजून रद्दींत टाकूं नयेत.