११२ फुटतो, ११३ हलत नाही

भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यातल्या एका सजात तलाठी भाऊसाहेबांच्या टेबलाशेजारी बसून वारस नोंद होताना पाहत होतो. पेशाने मी प्रोग्रामर. मला समोर दिसत होती गट नंबरांची यादी: क्रमांक सांगा, थेट ती जमीन उघडते.

सातबाऱ्यावर कुणी थेट नाव खोडत नाही. अर्ज येतो, नमुना सहामध्ये फेरफार पडतो, नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस असतात. मंडल अधिकाऱ्याने मंजूर केलं की मगच नावं चढतात. आठ-अ म्हणजे त्याच जमिनी खातेदाराच्या बाजूने पाहिलेल्या. प्रोग्रामर याला ‘व्ह्यू’ म्हणतील. फरक एवढाच, की जावा या भाषेतल्या यादीची ‘सबलिस्ट’ काढून तिच्यात मूल्य बदललं तर मूळ यादीही बदलते. आठ-अ नुसता बघायचा.

पायथॉनमध्ये मात्र यादीचा तुकडा काढला की सुटी प्रत हाती येते. समोरच्या आबांनी जपून लॅमिनेट केलेला उतारा तसाच होता.

“आबा, हा जुना झाला. मधे दोन फेरफार झालेत.”

“पण शिक्का आहे की!”

मला खरं कौतुक वाटलं ते क्रमांकांचं. गट ११२ फुटला तर ११२/१ आणि ११२/२ होतात, ११३ जागचा हलत नाही. जावाच्या ‘अ‍ॅरेलिस्ट’मध्ये मधे काही घुसवलं की पुढचे सगळे एकेक घर सरकतात. इथे ते परवडणारच नाही: खरेदीखत, बँकेचा बोजा, शेजाऱ्याची चतुःसीमा, सगळं त्या नंबरावर टांगलेलं. सगळी यादी एकदाच हलली, १९४७च्या कायद्याने एकत्रीकरण झालं तिथे. सर्व्हे नंबर जाऊन गट आले आणि जुन्यावरून नवा शोधायचं काम आजही संपलेलं नाही.

वारस नोंदीने गट फुटत नाही, हे मात्र त्या नोंदीसाठी आलेल्या तिन्ही भावांना ठाऊक नव्हतं. नावं तीन, खाचर सामाईकच. फुटायला वाटप हवं, मोजणी हवी. मुंबईहून रजा काढून आलेल्या धाकट्याला घाई होती.

“भाऊसाहेब, कर्जासाठी बँकेला आजच उतारा देऊ का?”

“द्या. पण त्यावर ‘प्रलंबित फेरफार’ म्हणून तुमचाच नंबर येईल, आणि मॅनेजर आधी तेच वाचतो.”