तंबाखूचा हिशेब : भाग ४
बायकांची मशेरी

गेल्या आठवड्यात विडी-सिगारेटचे आकडे पाहिले. तेवढेच वाचले तर तंबाखू हे पुरुषांचं व्यसन, बायकांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही, असंच वाटेल. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ६ टक्के पुरुष धूम्रपान करतात आणि बायका जेमतेम १.४ टक्के. पण त्याच तक्त्यातला पुढचा रकाना पाहा. चघळायची, दाढेखाली धरायची किंवा हिरड्यांना लावायची तंबाखू वापरणारे पुरुष जवळजवळ ३२ टक्के आहेत आणि बायका जवळजवळ १७ टक्के. म्हणजे पंधरा वर्षांवरच्या दर सहा बायकांमागे एक. आपल्या राज्यात तंबाखूचा धूर कमीच निघतो, ती तोंडात राहते.

पुरुषाची तंबाखू चारचौघांत चालते. पारावर, एसटी स्टँडवर, कामाच्या साइटवर पुडी निघते, तळहातावर चुना घालून मळली जाते आणि शेजारच्यापुढेही धरली जाते. अनोळखी माणसाकडे पाणी मागायला संकोचणारा गडी चिमूटभर तंबाखू मात्र सहज मागतो. बाईची मशेरी घरातल्या घरात होते. तंबाखूची पानं तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरून बारीक करायची आणि डबीत भरून ठेवायची. भाजताना घरभर ठसका सुटतो, लेकरं खोकत बाहेर पळतात. सकाळी उठल्यावर बोटावर चिमूटभर घेऊन ती दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. सुरुवात दात घासण्यापासून होते. पुढे जेवणानंतर एकदा, दुपारी काम आवरल्यावर एकदा, रात्री निजताना एकदा, अशी ती वाढत जाते. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’, ‘डोकं चढतं’, असं बायका सांगतात, आणि ते खोटं नसतं. शरीराला निकोटिनची सवय झाली की ते न मिळाल्यावर असंच होतं. हिरडीच्या नाजूक त्वचेतून निकोटिन थेट रक्तात उतरतं. भाजल्यामुळे तंबाखूचा दोष जात नाही, उलट जळताना कर्करोगाला कारण ठरणारी आणखी द्रव्यं तयार होतात.

अशा बाईला ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर ती ‘नाही’ म्हणेल. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात मशेरी, तपकीर, गुल अशी एकेक वस्तू नाव घेऊन विचारतात. नव्वदच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. प्रकाश गुप्ता यांनी मतदार याद्यांच्या आधारे मुंबईतल्या पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख लोकांची पाहणी केली. त्यात ६९.३ टक्के पुरुष आणि ५७.५ टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या. बायकांची तंबाखू जवळपास सगळी बिनधुराची, आणि त्यात मशेरी सर्वांत पुढे. निम्म्याहून अधिक बायका, आणि तेही मुंबईसारख्या शहरात! मला तर या साऱ्या विषयात याहून महत्त्वाचा आकडा दिसत नाही.

याच संशोधकांनी पुढे मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास केला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे किती, हे प्रसूतिगृहातल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. आणि ओकाऱ्या, मळमळ थांबावी म्हणून नेमकी याच दिवसांत मशेरी लावणाऱ्या बायका आहेत.

कायदा या डबीपर्यंत पोहोचत नाही. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्ये बंदी आली, महाराष्ट्रात गुटखा २०१२ मध्ये बंद झाला, पाकिटांवर कर्करोगाची चित्रं आली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला ना पाकीट, ना चित्र. तरीही २००९-१० ते २०१६-१७ या काळात देशात तंबाखू वापरणाऱ्या बायकांचं प्रमाण २०.३ वरून १४.२ टक्क्यांवर आलं, तर पुरुषांचं ४७.९ वरून ४२.४ वर. बायकांमधली घट मोठी आहे. जिथे उपाय तोकडे पडतात तिथेही ही सवय सुटू शकते, असं मी यावरून मानतो, आणि म्हणूनच त्यांच्यासाठी वेगळे प्रयत्न हवेत असा माझा आग्रह आहे.

त्याची सुरुवात गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत करता येईल. आशाताईंनी, नर्सबाईंनी ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असं सरळ विचारावं, तेही सासू समोर नसताना. न रागावता विचारलं तर बायका सांगतात. सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, पोट बिघडतं. त्या दिवसांत नेमकं काय करायचं, ते पुढच्या भागात सविस्तर पाहू.