झाडू फेकणारा बाप आणि बैलाकडे पाठवणारी आई

दलित आत्मकथनांवर सभा असली की दोन प्रसंग हमखास सांगितले जातात. पहिला ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन'मधला (1997). उत्तर प्रदेशातल्या बरला गावच्या शाळेत हेडमास्तर पोराला वर्गाबाहेर काढून शाळा आणि मैदान झाडायला लावतो. तिसऱ्या दिवशी रस्त्याने जाणारा बाप ते पाहतो, झाडू हिसकावून भिरकावतो आणि मास्तरला जाब विचारतो. दुसरा ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मधला (2003). शेणावरून गुरुजी मुलीला थोबाडात मारतात. आयदाने विणत बसलेली तिची विधवा आई त्याच गुरुजींना भर रस्त्यात अडवून फैलावर घेते. सभेत टाळ्या पडतात. पडायलाच हव्यात!

पण ह्याच पुस्तकांतली दुसरी पाने आपण का टाळतो? 'आयदान'मधली हीच आई विणलेली आयदाने पोहोचवायला मुलीला सवर्णांच्या दारी पाठवते. तिथे पोरीला उंबऱ्याबाहेर उभे करतात, आयदानांवर पाणी शिंपडतात, पैसे वरून हातात टाकतात. पोर आतून जळते. आईला हे कळत नव्हते काय? कळत होते. पण घर त्याच पैशांवर चालत होते, शाळासुद्धा.

'जूठन'मधली आई लग्नाच्या मांडवाबाहेर उष्ट्याची टोपली तिथेच उपडी करून येते, पुन्हा त्या दारात जात नाही. तीच आई, बाप परगावी असताना, नववीतल्या मुलाला काकाबरोबर मेलेला बैल सोलायला पाठवते. शाळेतले कोणी बघेल ह्या धास्तीने कातड्याचे गाठोडे डोक्यावर घेऊन तो घरी येतो, तेव्हा त्याची दशा बघून तीच रडते. मोठी वहिनी म्हणते, उपाशी राहू, पण ह्याला ह्या घाणीत ओढू नका.

ह्या आया भेकड नव्हत्या. अन्याय नाकारणे पोराला जमते, कारण संध्याकाळच्या भाकरीचा हिशेब त्याच्या डोक्यावर नसतो. आईबापाला दोन्ही सांभाळायचे असते, पोराची ताठ मानही आणि चूलही. हे दोन्ही ह्या लेखकांनी न लपवता लिहिले, म्हणून ही पुस्तके मला आपल्या घोषणांपेक्षा मोठी वाटतात. शिवाय ह्यात मूलच बापाला शिकवते, हेही आहे. लग्नात नवरदेवाने दारोदार सलाम करायच्या प्रथेला वाल्मीकींनी पोरवयात विरोध केला आणि बापाने ते मानले.

कोर्टात हेच बघतो. मुलगा जबाबावर ठाम असतो आणि बाप हळूच म्हणतो, "वकीलसाहेब, मिटवता येईल का?" आपले कार्यकर्ते त्याला लगेच 'विकला गेला' म्हणून मोकळे होतात. त्याची मजुरी आरोपीच्याच शेतात असते, हे कोणी विचारत नाही. 2015 च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात कलम 15अ आले. पीडित, त्यांचे अवलंबित आणि साक्षीदार यांना संरक्षण, प्रवास व निर्वाह खर्च, पुनर्वसन हे हक्क त्यात लिहिलेले आहेत. त्या बापाला फितूर म्हणण्याआधी त्याच्या नावाने ह्या कलमाखाली एक तरी अर्ज आपण लिहून दिला आहे काय?